त्याच्यासमोर मराठीत

मिरज स्टेशनावर मला सोडायला अकरा माणसं आली होती आणि त्यातलं एकही रडत नव्हतं. बाबांनी घरातून निघतानाच दम भरला होता, रडारड करायची ती इथंच उरकून घ्या, फलाटावर तमाशा नको. लग्न होऊन वीस दिवस झाले होते. श्रीकांतची दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी आणि त्याची रजा संपत आलेली. आई खिडकीच्या गजांतून हात आत घालून माझ्या पदराची पिन उगीचच सारखी करत होती. "तिथं कुणी आपलं माणूस भेटलं तर आधी पाणी विचार, मग गाव विचार," ती म्हणाली. बाबांचं वेगळंच. "आधी हिंदी सुधार. 'मैं आता है' म्हणालीस तर हसतील लोक." गाडी हलली तेव्हा बाकीच्या दहाही जणांनी बाबांकडे बघितलं आणि मग सगळे एकदम रडायला लागले. बाबा सगळ्यात मोठ्यानं.

हे सगळं आत्ता लिहायला कारण झालं आमच्या निनादचं. माझा हा भाचा हौशी आहे. त्यानं आपल्या घरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'आमची दिल्लीची माधुरीमावशी. तुरुंगातून सुटलेल्यांना पुन्हा माणसात आणते.' त्यावर तुम्ही सगळ्यांनी हात जोडले, फुलं वाहिली. मोठ्या वहिनींनी तर 'आपल्या घराण्याचं नाव काढलंस' असं लिहिलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी खाली 'धन्यवाद' लिहिलं आणि फोन पालथा घालून ठेवला. खरं काय ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे. मिरजेत राहिलेल्यांनी वाचा आणि माझ्यासारखे घर सोडून बंगळूरला, दुबईला, कुठं कुठं गेलात त्यांनी तर जरूर वाचा. तुम्हीही हे करत असणार.

दिल्लीतली पहिली दोन वर्षं मी तोंड मिटून काढली. आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. खाली भाजीवाला यायचा. मी त्याला 'कोथिंबीर कैसा दिया' विचारलं की तो आजूबाजूच्या बायकांना गोळा करायचा आणि मला पुन्हा विचारायला लावायचा. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण मी दार लावून घेऊन रडायचे. पुढं मलाही एका मंत्रालयात नोकरी लागली आणि हिंदी हळूहळू अंगवळणी पडली. इतकी, की आता मिरजेला आले की तुम्ही म्हणता, तुझं मराठी हिंदाळलंय. ते खरं आहे. माझा मुलगा तर 'मी थकून गेलो यार' म्हणतो आणि 'उंबरा' म्हणजे काय ते मला विचारतो.

पण त्या पहिल्या वर्षांत आम्हाला एक सोय सापडली. भर बाजारात, भर बसमध्ये, चार माणसांत उभं राहून आम्ही दोघं काहीही बोलू शकत होतो. सरोजिनी नगरात साडीवाल्यासमोर श्रीकांत म्हणायचा, "आवडली तरी तोंड पाड, आणखी उतरेल." मी तोंड पाडायची, साडीवाला किंमत उतरवायचा. शेजारीण समोर बसलेली असताना तिच्या चहाला नावं ठेवायची, साहेबांच्या बायकोच्या दागिन्यांवर बोलायचं, आणि वर हसून 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणायचं. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी घरात हा खेळ चालतो. आपण खोलीत आहोत आणि पडदा ओढलेला आहे, असं वाटायचं. एकदा लाजपत नगरात मी एका बाईच्या ड्रेसला 'सर्कशीतला तंबू' म्हणाले तर ती वळून म्हणाली, "अहो, नागपूरहून आणलाय." आम्ही तिथून पळ काढला आणि ती गोष्ट पुढं कित्येक वर्षं हसून हसून सगळ्यांना सांगितली. तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. मला घरात बसवेना. एका ओळखीच्या बाईंनी मला त्यांच्या संस्थेत नेलं. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाला पहिलं वर्षभर तिथं एक सोबती देतात. सोबत्यानं त्याचं आधार कार्ड, बँकेचं खातं, खोली, काम बघायचं, आठवड्यातून एकदा भेटायचं. आम्हाला चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्यातला पहिला नियम मी वहीत ठळक लिहून घेतला होता. या माणसांबद्दल त्यांच्या पाठीमागं बोलायचं नाही. हा नियम मी कसोशीनं पाळला. पाठीमागं कधी बोलले नाही. जे बोलले ते त्याच्या तोंडावर, मराठीत.

माझ्या वाट्याला आला तो बृजेश. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा. टेम्पो चालवायचा. स्टँडवर नंबरावरून मारामारी झाली, याच्या हातून एक माणूस गेला. अकरा वर्षं आत काढली. बायकोनं दुसरं घर केलं आणि मुलगी काजल आत्याकडे खुर्ज्यातच वाढली. तो सुटला तेव्हा ती पंधराची होती. पहिल्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात तो माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसला. पन्नाशीकडे झुकलेला, बारीक, केस अगदी कमी केलेले. माझं नाव लिहिलेला कागद त्यानं दोन्ही हातांत धरला होता आणि तो हसत होता, कशाला ते मला कळेना. तेवढ्यात श्रीकांतचा फोन आला. मी बृजेशकडे बघत बघतच श्रीकांतला म्हणाले, "हो, समोरच बसलाय. दिसतो साधा, पण हे सगळे साधेच दिसतात. पर्स मांडीवरच ठेवलीय." फोन ठेवला तेव्हा त्याचं हसू गेलेलं होतं. मला वाटलं, बिचारा घाबरलाय. मी त्याला चहा मागवला.

त्याला कामाला लावलं ते मुग्धाच्या स्वयंपाकघरात. मुग्धा पुण्याची, आयटीतली नोकरी सोडून नोएडात मराठी डबे करते. थालीपीठ, पिठलं, भरली वांगी. ऑफिसातली मुलं तुटून पडतात. कणीक मळायला, डबे भरायला तिला माणूस हवा होता. बृजेश कुठून आला हे मी तिला सांगितलं आणि ती लगेच हो म्हणाली, माझ्यासारखे आढेवेढे घेतले नाहीत. मी दर गुरुवारी तिथं जायची. ओट्यापाशी उभी राहून, बृजेश चार हातांच्या अंतरावर कणीक मळत असताना, मुग्धाला विचारायची, "काही जाणवतं का गं? चिडतो का? सुऱ्या कुठं ठेवतेस?" मुग्धाला अवघडल्यासारखं व्हायचं. ती म्हणायची, "काकू, नंतर बोलू." मी म्हणायची, "अगं त्याला काय कळतंय." हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन ते आता मोजवत नाही.

आणि मग खोलीचा दिवस. बृजेशच्या मनात एकच गोष्ट होती, काजलला आपल्याकडे आणायची. ती दहावीत होती. नोएडात शाळा बरी, आत्याचं घर दाटीचं. आत्याही तयार होती. पण त्यासाठी खोली हवी आणि एकट्या पुरुषाला, त्यातून अशा, कुणी खोली देईना. शेवटी नोएडातल्याच भंगेलमध्ये एक मालकीण मिळाली. खोली, छोटं स्वयंपाकघर, गच्चीवर नळ. तिला बृजेशचं सगळं ठाऊक होतं. तिनं मला सरळ विचारलं, "आप बोलो मैडम. आप ज़िम्मेदारी से बोल दोगी, तो मैं दे दूँगी. लड़की साथ रहेगी तो फ़ैमिली मान लेंगे."

बृजेश नळ उघडून, बंद करून बघत होता. मी बरोबर आलेल्या श्रीकांतकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "खोली छान आहे. पण मी त्या पोरीची आई असते तर तिला याच्याजवळ पाठवली नसती. अकरा वर्षं आत काढलेला माणूस. कधी डोकं फिरेल, काय सांगावं." श्रीकांत म्हणाला, "तेही खरंच." मग मी मालकिणीकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "बिल्कुल दीजिए. बहुत भले आदमी हैं." पोटात एक आणि ओठात एक म्हणतात ना, तसं. माझ्या तर ओठांतच दोन होती, आणि दोन्ही मोठ्यानं.

चार दिवसांनी बृजेशनं सांगितलं, काजल येणार नाही, बुआ ने मना कर दिया. तो वाटाणे सोलत होता. मी त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्याला वीस मिनिटं समजावलं, की घरच्यांना वेळ लागतो, विश्वास हळूहळू बसतो, आपण धीर सोडायचा नाही. तो 'जी मैडम' म्हणत राहिला. संस्थेच्या अहवालात मी लिहिलं, 'कुटुंबाची अद्याप मानसिक तयारी नाही.' मला संस्थेत नेणाऱ्या त्या बाई माझ्या लिखाणाचं नेहमी कौतुक करायच्या, त्या वेळीही केलं.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात, हे तुम्हाला माहीत आहे. आमच्या नोएडाच्या मंडळाचीही बस जाते. यंदा नाश्ता-जेवण मुग्धाकडून होतं, म्हणून बृजेशही डब्यांबरोबर आला. मुग्धाच्या सासूबाई, सुमनकाकू, हिवाळ्यासाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांना अलीकडे विस्मरण होतं. हिंदी जी काही होती ती पार पुसली गेली आहे आणि मराठीतही नावं सापडत नाहीत. तिथं धुकं इतकं, की दहा पावलांवरचं माणूस दिसेना. स्मारकापाशी भाषणं चालू होती. भाषणं संपली आणि मुग्धाच्या लक्षात आलं, काकू नाहीत.

आम्ही सगळे हाका मारत सुटलो. मी कुंपणाच्या बाजूनं गेले. एका बाकावर काकू बसलेल्या दिसल्या. त्यांच्या डोक्याला बृजेशचा मफलर गुंडाळलेला होता. तो खाली उकिडवा बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होता आणि बोलत होता.

"काहून घाबरता, माय? येतेच आता तुमची सून. शाल घ्या बरं नीट अंगावर."

"तू कुठला रे बाळा?" काकूंनी विचारलं.

"मी खुर्ज्याचा. मराठी यवतमाळची."

काकू खुदकन हसल्या. मी धुक्यात तशीच उभी राहिले. कुणीतरी भर बाजारात अंगावरचा पदर ओढून न्यावा तसं मला झालं. त्यानं मान वर केली, मला पाहिलं आणि झटकन उठून उभा राहिला. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा त्याचा झाला. खरं तर तो माझा व्हायला हवा होता. "मैडम, मिल गईं," तो म्हणाला. हिंदीत.

परतीच्या बसमध्ये सगळे तिळगूळ वाटत होते, गाणी म्हणत होते. मी खिडकीला डोकं टेकून आठ महिने उलटे मोजत होते. सुऱ्या. पर्स. 'त्याला काय कळतंय.' एकेक आठवत होतं आणि कानाच्या पाळ्या तापत होत्या. मग खोलीपाशी आले आणि त्यापुढं मोजता येईना.

मुरथलला बस चहाला थांबली. तो डबे मोजून बसच्या पोटात ठेवत होता, तिथं मी गेले. विचारलं, मराठी कुठं शिकलास. त्यानं हिंदीतच सांगितलं. त्याच्या बरॅकीत नारायणकाका नावाचा यवतमाळकडचा म्हातारा ट्रक ड्रायव्हर होता. त्याला लिहिता येत नव्हतं आणि बोलायला कुणी नव्हतं. काकानं सांगायचं आणि यानं काकाच्या मुलीला पत्र लिहायचं. लिपी तर एकच. आधी अर्थ न कळता लिहिलं, मग कळायला लागलं, मग दोघं मराठीतच बोलायला लागले. सात वर्षं. काका अजून आतच आहे.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"पहले दिन बोलने ही वाला था, मैडम. काग़ज़ पर कुलकर्णी लिखा देखा तो इतना ख़ुश हुआ. काका को चिट्ठी में लिखूँगा सोचा, कि मराठी मैडम मिली हैं. फिर आपका फ़ोन आ गया." त्यानं एक डबा आत सरकवला. "उसके बाद बोलता तो आपको बुरा लगता."

मला वाईट वाटू नये म्हणून तो आठ महिने गप्प बसला होता. मी म्हणाले, "काजलचं... बुआने मना केलं म्हणालास."

"बुआ ने नहीं. मैंने मना किया." तो डब्याची कडी लावत होता, ती लागत नव्हती. "आप पढ़ी-लिखी हैं. हमारे जैसे लोगों के बीच काम करती हैं. मैंने सोचा, आपको मुझमें कुछ दिखता होगा, जो मुझे ख़ुद नहीं दिखता. बच्ची का मामला है. रिस्क क्यों लेना."

 मी पहिल्या दिवसापासून त्याला ओळखत नव्हते. डोक्यातला एक कैदी त्याच्या जागी बसवून मी त्याच्याशी गोड बोलत होते. आणि त्यानं माझं ऐकून स्वतःला तोच समजायला सुरुवात केली होती. बसचा हॉर्न वाजला. कुणीतरी ओरडलं, "कुलकर्णी काकू, चला, चहा नंतर!"

घरी श्रीकांत म्हणाला, "बोलून गेलीस, सोड आता. तू त्याचं केलंसही किती." त्याचा हेतू चांगला होता. पण चाळीसेक वर्षांच्या संसारात त्याच्या समजुतीचा मला पहिल्यांदा राग आला. त्यानंही 'तेही खरंच' म्हटलं होतं ना.

पुढच्या शनिवारी मी बृजेशबरोबर खुर्ज्याला गेले. तो नको म्हणत होता. मग म्हणाला, "आपकी मर्ज़ी." आत्या कपबशा रंगवण्याच्या कारखान्यात काम करते, बोटांच्या पेरांवर निळा रंग बसलेला. काजल दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिली. उंच, बापासारखी बारीक. मी खोलीच्या दिवशी मराठीत जे बोलले होते ते एकही शब्द न गाळता हिंदीत सांगितलं. मराठीत जे मी सहज, नळाच्या आवाजात बोलून गेले होते, ते हिंदीत एकेक शब्द शोधून जोडावं लागलं. त्या पोरीच्या भाषेत ते केवढं मोठं झालं. बृजेश जमिनीकडे बघत होता. मी म्हणाले, तुझ्या वडिलांत मला असं काहीही दिसलं नव्हतं. मी न बघताच बोलले होते. चूक माझी आहे.

मला वाटलं, ती माझ्यावर चिडेल. त्या तयारीनंच गेले होते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती बापाला म्हणाली, "इन्होंने कहा, और आपने मान लिया?"

 ती आत निघून गेली. आत्यानं चहा केला, आम्ही तो प्यायलो आणि परतलो. 

मी संस्थेत जाऊन सगळं सांगितलं आणि अहवालातलं ते वाक्य खोडायला लावलं. बाईंनी मला काढलं नाही. म्हणाल्या, आता तरी नीट शिकाल. बृजेशला दुसरा सोबती दिला. मी सध्या ऑफिसात बसून लोकांचे फॉर्म भरते. तोंड उघडायचं काम कमी आहे.

काजल बोर्डाची परीक्षा संपल्यावर आली. माझ्यामुळं नाही. बापानं स्वतः दोनदा खुर्ज्याला जाऊन तिला विचारलं, तेव्हा. ती भंगेलच्या खोलीत राहते आहे आणि बापाला सरळ करते आहे, असं मुग्धा सांगते. ते दोघं तिथं कसे राहतात हे मी पाहिलेलं नाही. कुणी बोलावलं नाही आणि जायचं मला धाडस नाही.

तुम्ही फोनवर विचारता, इतक्या वर्षांनी दिल्ली घर वाटते का. मी नेहमी म्हणायची, घर म्हणजे जिथं मराठीत मनातलं बोलता येतं ती जागा. आता मला माहीत आहे, त्या घरात मी काय काय बोलत होते. लिफ्टमध्ये, मेट्रोत, दुकानात मी श्रीकांतशी मराठीत बोलते तेव्हा समोरच्याला सगळं समजतंय असं धरून बोलते. त्यामुळं बरंच बोलायचं राहून जातं आणि राहिलेलं बहुतेक न बोलण्यासारखंच असतं, असं दिसतं.

गुरुवारी अजून मुग्धाकडे जाते, डबा आणायला. सुमनकाकू या वेळी पुण्याला गेल्याच नाहीत, त्यांना इथं करमतं. बृजेश कणीक मळता मळता त्यांच्याशी यवतमाळच्या मराठीत गप्पा मारतो. मुग्धाशी मराठीत, डबे न्यायला येणाऱ्या मराठी मुलांशी मराठीत. काजल शाळेतून येते आणि 'माय, भूक लागली' म्हणते, काकू हरखून जातात. मी दारात चप्पल काढते तेव्हा आत सगळं मराठीत चाललेलं असतं.

"बृजेश, कसा आहेस?" मी विचारते.

तो हात पुसत उठतो, अदबीनं मान लववतो.

"ठीक हूँ, मैडम."